इटलीतल्या खेड्यात सुट्टीचा फ्लॅट घ्यावा का? आमच्या व्होल्तेर्राच्या घराचा हिशेब

आधी निकाल सांगते, कारण पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे जेवणं झाली की हाच प्रश्न घेऊन बसतात. इटलीच्या ग्रामीण भागात सुट्टीच्या भाड्यासाठी फ्लॅट घेणं हा कागदाच्या बाजूनं अतिशय चोख व्यवहार आहे. घर राहायला सुरेख आहे. पण फक्त उत्पन्नाकडे बघून पैसे घालणार असाल तर घालू नका. घरचं माणूस गाडीनं तासाभराच्या आत राहत असेल आणि ते घर तुम्ही स्वतःही वापरणार असाल, तरच पुढचं वाचा.

आम्ही आंजर्ल्याचे. जोग नदी समुद्राला मिळते तिथलं, कड्यावरच्या गणपतीचं गाव. मागच्या वाडीत चार खोल्या बांधून आम्ही पर्यटकांना देतो. निवास-न्याहारीची नोंदणी आहे, स्वयंपाक मी करते, बाकीचं सगळं हे बघतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिना हे आमचे दिवस. पाऊस लागला की खोल्यांना कुलूप, गाद्या उन्हाळ्यातच वाळवून वर टांगलेल्या. माणसं राहायला येतात तेव्हा घराला नेमकं काय काय लागतं, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याच नजरेनं मी तो फ्लॅट पाहिला.

लेक आणि जावई तोस्काना प्रांतात पोन्तेदेराला असतात. व्हेस्पा स्कूटरचं गाव ते. १९४६ पासून ती तिथं बनते. दोघांच्या नोकऱ्या तिथंच. २०२३च्या वसंतात त्यांनी व्होल्तेर्रा या डोंगरावरच्या जुन्या शहराच्या बाजूला, डोंगरउतारावरच्या जुन्या दगडी शेतघरातला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. एका मोठ्या घराचे सहा भाग केलेले, पोहण्याचा तलाव सगळ्यांत मिळून. दोन झोपायच्या खोल्या, एक मोठं स्वयंपाकघर, सत्तर चौरस मीटरच्या आसपास. किंमत १,२०,००० युरो, त्या वेळच्या भावानं एक कोटी आठ लाखांच्या घरात. त्यात आमचाही वाटा आहे. हे बँकेतून निवृत्त झाले तेव्हाच्या पैशातला.

घर पाहायला गेलो तेव्हा लेक खिडकीतून दिसणारी सरूची झाडं दाखवत होती आणि मी वर छत बघत होते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर मी कुठल्याही घरात शिरले की आधी छत बघते. आमच्या वाडीतल्या पोफळी त्या दिवशी आडव्या झाल्या, आणि पोफळ नव्यानं लावून उत्पन्नाला यायला सात-आठ वर्षं जातात. तिथलं छत चेस्टनटच्या जाड तुळयांवर, वर भाजक्या मातीची कौलं, एक पालथं एक उताणं अशी बसवलेली. तुळया ठणठणीत होत्या. पन्हळ मात्र दोन ठिकाणी फुटून भिंतीवर ओघळ आले होते, आणि आतल्या बाजूला नव्या रंगाखाली ओल होती. नखानं खरवडलं की कळतं. ती दुरुस्ती विकणाऱ्याकडून करून घेतली.

दुसरी गोष्ट मातीची. आपल्याकडे जांभा असतो. पाणी पितो आणि सोडतो. व्होल्तेर्राच्या परिसरात वरती वाळूचा खडक आणि खाली चिकणमाती. पाणी मुरलं की उतार सुटतात. गावाच्या पश्चिमेला बाल्झे म्हणून उभे कडे आहेत. मातीच्या त्या घसरणीनं शतकानुशतकं देवळं आणि वस्ती गिळली. २०१४च्या हिवाळ्यात सतत पाऊस लागला तेव्हा खुद्द शहराच्या मध्ययुगीन तटबंदीचा मोठा भाग कोसळला. म्हणून सुंदर उतारावरचं घर दिसलं की मागच्या बाजूला पाण्याचा चर कुठून कुठे जातो ते चालत जाऊन बघावं. आमच्या घरामागचा चर दगडानं बांधलेला आणि वाहता होता. नसता तर मी नको म्हटलं असतं.

आता कागद. हा भाग मी मनापासून वाखाणते आणि लांबवून सांगते, कारण कोकणात जमिनीच्या व्यवहारात माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात. आपल्या सातबारावर पणजोबांच्या नावापासून मुंबईला गेलेल्या चुलत्यांपर्यंत बारा नावं असतात, आणि तरी तो शेवटी महसुलाचा कागद. मालकीचा पक्का पुरावा तो नव्हे. तिथेही कातास्तो नावाचा दप्तर आहे. प्रत्येक घराचा नकाशा, दर्जा आणि करासाठीची किंमत त्यात असते. आपल्यासारखंच, तोही मालकी सिद्ध करत नाही. मालकी, गहाण, जप्ती हे सगळं दुसऱ्या नोंदवहीत. फरक एवढाच की तिथं या दोन्ही वह्या तपासणारा एक माणूस सरकारनं नेमून दिलेला असतो. त्याला नोतायो म्हणतात. वकीलही नव्हे आणि दलालही नव्हे. तो सरकारी अधिकार असलेला माणूस. साधारण मागच्या वीस वर्षांचे व्यवहार तो तपासतो, कर्ज बाकी आहे का बघतो, कर स्वतः वसूल करून भरतो. त्याच्यासमोर सही झाल्याशिवाय खरेदी पुरी होत नाही. फी खरेदीदार देतो, म्हणून त्याची निवडही खरेदीदारानं करायची. विकणाऱ्यानं सुचवलेला घ्यायलाच हवा असं नाही.

आणखी एक सोय मला फार आवडली. २०१७च्या कायद्यापासून खरेदीदार मागू शकतो की माझे पैसे नोतायोच्या वेगळ्या खात्यात राहू देत, नोंद पुरी झाली की मगच विकणाऱ्याला द्या. आम्ही ते मागितलं. दलालाला आवडलं नाही, "एवढी गरज नाही" असं दोनदा म्हणाला. मी लेकीला म्हटलं, गरज कुणाला नाही ते आपण ठरवू.

नोतायोच्या जोडीला लागतो जेओमेत्रा, म्हणजे आपला भूमापक आणि घराचा नकाशा बघणारा तंत्रज्ञ यांच्यामधला माणूस. त्याच्यावर पैसे खर्च करा. २०१० पासून तिथं नियम आहे की घर प्रत्यक्षात जसं आहे तसाच कातास्तोतला नकाशा नसेल तर खरेदीखत रद्दबातल ठरू शकतं. शिवाय बांधकामाच्या परवानगीचे कागद नगरपालिकेत जुळावे लागतात. १ सप्टेंबर १९६७च्या आधीची बांधकामं असतील तर तसं खतात लिहून द्यावं लागतं. आमच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघर नकाशात एका भिंतीला होतं आणि प्रत्यक्षात दुसऱ्या. जुन्या मालकानं हलवलं आणि कुठे कळवलं नव्हतं. ते नियमित करून घेण्यात महिने गेले, खर्च विकणाऱ्यानं केला. दलालानं हे "किरकोळ" म्हणून सांगितलं होतं. जेओमेत्रानं सांगितलं की यावर सही करू नका. जेओमेत्राची फी हजार युरोच्या आसपास झाली. सगळ्या खर्चात तीच मला कमी वाटली.

दलालाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिथं दलाली दोन्ही बाजू देतात, आणि तुमचा लेखी प्रस्ताव विकणाऱ्यानं मान्य केला की दलालीचा हक्क लागतो, खरेदीखत व्हायची वाट बघावी लागत नाही. तो प्रस्ताव नुसतं "आवडलं, बघू" असं पत्र नसतं. मान्य झाला की बांधून घेतो. म्हणून त्यातच लिहून घ्यायचं: नकाशा जुळला तरच, कागद स्वच्छ असले तरच. मग कोमप्रोमेस्सो, म्हणजे आपलं साठेखत. त्या वेळी इसारा दिला १२,०००. इसाऱ्याचा नियम तिथल्या दिवाणी कायद्यात स्पष्ट आहे: खरेदीदार मागे फिरला तर इसारा गेला, विकणारा फिरला तर दुप्पट परत. आपल्याकडे इसारा बुडवून दुसऱ्याला जमीन विकलेली उदाहरणं आमच्याच गावात आहेत, त्यामुळे हे ऐकून ह्यांचा जीव खाली बसला.

जमिनीसकट घर घेणार असाल तर अजून एक पायरी आहे. शेजारच्या शेतकऱ्याला शेतजमीन आधी विकत घ्यायचा हक्क असतो, त्याला रीतसर विचारावं लागतं. नुसत्या फ्लॅटला ही भानगड नाही. आपल्या महाराष्ट्रात मात्र उलटं आहे. शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेताच येत नाही. तिथं शेतकरी असण्याची अट नाही.

आता पैशाचं. दुसरं घर म्हणून घेताना नोंदणीकर ९ टक्के. पण तो विक्रीच्या किमतीवर नाही. खाजगी माणसाकडून राहण्याजोगं घर घेतलं तर कातास्तोतल्या किमतीवर लावून घेता येतो, आणि ती बाजारभावाच्या बरीच खाली असते. आमच्या फ्लॅटचं कातास्तोत धरलेलं वार्षिक उत्पन्न ४८० युरो. त्याला ठरलेल्या १२६ नं गुणलं की ६०,४८०, त्याचे ९ टक्के म्हणजे ५,४४३. वर दोन छोटे कर ५०-५० युरोचे. पहिलं राहतं घर असतं तर दर २ टक्के, पण त्यासाठी त्याच नगरपालिकेत वास्तव्य किंवा नोकरी लागते, ते यांना शक्य नव्हतं. दलाली ३ टक्के, वर २२ टक्के मूल्यवर्धित कर, झाले ४,३९२. नोतायो अडीच हजार. जेओमेत्राचे हजार. म्हणजे किमतीच्या वर अकरा टक्के नुसत्या खरेदीत गेले. पलंग, गाद्या, भांडी, कपडे धुण्याचं यंत्र यांना सात हजार. सगळं धरून १,४०,००० युरोच्या जरा वर.

२०२४चा हंगाम आमच्यासाठी चांगला गेला. जुलै-ऑगस्टचे आठ आठवडे ८०० युरोनं, मे, जून आणि सप्टेंबरचे दहा ५८० नं. तिथं हंगामात भाडं शनिवार ते शनिवार असं आठवड्याचं असतं. एकूण आले १२,२००. त्यावर चेदोलारे सेक्का म्हणून सरळ २१ टक्के कर आहे, आणि तो एकूण भाड्यावर. खर्च वजा करून नव्हे. २,५६२ तिथं गेले. दुसरा फ्लॅटही असाच भाड्यानं दिला तर २०२४ पासून त्याला २६ टक्के. बुकिंगच्या संकेतस्थळाचं कमिशन १,८३०. प्रत्येक पाहुणा गेल्यावर सफाई आणि चादरी ७० युरो, म्हणजे १,२६०. घरपट्टीला तिथं इमू म्हणतात. दुसऱ्या घरांना बऱ्याच ठिकाणी लागतो तो १.०६ टक्क्याचा दर धरून ८५५ च्या आसपास, १६ जून आणि १६ डिसेंबर अशा दोन हप्त्यांत. कचरापट्टी २५०. सामायिक खर्च, त्यात तलाव, बाग, रस्ता आणि इमारतीचा व्यवस्थापक, १,६००. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट १,७००. विमा २००.

उरले १,९४३ युरो. लावलेल्या पैशावर दीड टक्कासुद्धा नाही. यात मोठी दुरुस्ती धरलेली नाही, आणि लेक-जावयाच्या शनिवारांची मजुरीही नाही. आपल्याकडच्या साध्या मुदतठेवीनं याहून कितीतरी जास्त दिलं असतं. रुपया घसरला, २०२५ मध्ये युरो शंभरीपार गेला, त्यामुळे रुपयात बघितलं तर मूळ रक्कम वाढलेली दिसते. पण तो चलनाचा भाग आहे. घराच्या कमाईत मी तो धरत नाही. विकताना एक सवलत आहे: पाच वर्षं ठेवून विकलं तर खाजगी माणसाला नफ्यावर कर नाही. पाचच्या आत विकलं तर आहे.

हा आकडा एवढा लहान का, याचा मी बराच विचार केला, आणि उत्तर माझ्याच स्वयंपाकघरात सापडलं. आंजर्ल्याला खोलीच्या भाड्यावर आम्ही जगत नाही. पाहुणा येतो तो सुरमईच्या तुकडीसाठी, उकडीच्या मोदकासाठी, सकाळच्या घावन-चटणीसाठी. हर्णैच्या लिलावातून मासळी आणली, घरचा नारळ खवला, वाडीतलं केळीचं पान कापलं, की दोन माणसांच्या जेवणात खोलीच्या अर्ध्या भाड्याएवढं सुटतं. मजुरी घरची, माल बराचसा घरचा. तिथल्या फ्लॅटमध्ये हे करताच येत नाही. सुट्टीचं अल्पकालीन भाडं, म्हणजे तीस दिवसांपर्यंतचं, या कायद्याखाली घर द्यायचं तर चादरी आणि सफाई एवढीच सेवा देता येते. न्याहारी दिली की तो वेगळा धंदा, वेगळी परवानगी. माझ्या डोक्यात आलं होतं की उन्हाळ्यात जाऊन राहावं आणि पाहुण्यांना थालीपीठ करून घालावं. लेकीनं नियम दाखवला. तो विचार तिथेच संपला.

याच डोंगरावर समोर एक शेतकरी कुटुंब पाहुणे ठेवतं. त्यांचं आग्रीतुरिज्मो आहे. १९८५ पासून तिथं त्यासाठी कायदा आहे, आणि तो फक्त खऱ्या शेतकऱ्यासाठी. शेती मुख्य, पाहुणे जोडीला. ते आपल्या ऑलिव्हचं तेल विकतात, रात्रीचं जेवण घालतात, आणि त्या बाईंचा दिवस माझ्यासारखाच पहाटे सुरू होतो. भाषा येत नव्हती, पण त्यांच्या भांड्यांच्या मांडणीवरून मला त्यांचा हिशेब कळला. पाहुण्यांतून खरी कमाई त्या घराला आहे. आमच्या फ्लॅटला फक्त भिंती आणि खिडकीतलं दृश्य विकता येतं, आणि बाकीचं प्रत्येक काम विकत घ्यावं लागतं.

चालवण्यातल्या अडचणी आता भराभर सांगते. वीज: तिथं घरांना साधारणपणे ३ किलोवॅटचं कनेक्शन असतं. पाहुण्यानं ओव्हन, वातानुकूलक आणि पाण्याची किटली एकदम लावली की मीटर पडतं, आणि रात्री दहाला जावयाला फोन. शेवटी भार वाढवून घेतला. गॅसची वाहिनी डोंगरावर नाही. आवारात मोठी टाकी पुरलेली असते आणि ती भरायला गाडी येते, महाग पडतं. रस्ता खडीचा, पांढरा, पावसानं उखडतो. त्याचा खर्च ज्यांची घरं त्या रस्त्यावर त्यांनी वाटून घ्यायचा, आणि त्यावरून बैठकीत जी बोलणी होतात ती मला आमच्या पाणंदीवरच्या भांडणांमुळे अगदी ओळखीची वाटली. रानडुकरं तिथेही बागा उकरतात. जुन्या दगडी भिंतीत छोटे काळे विंचू निघतात. चावले तर साधारण गांधीलमाशीएवढं दुखतं, पण हॉलंडच्या एका पाहुणीनं त्या एका विंचवासाठी दोन तारे कमी केले. आता दारात पत्रक लावलं आहे आणि भिंतींच्या फटी चुन्यानं बुजवल्या आहेत.

सरकारी कामही आहे. प्रत्येक पाहुण्याचं नाव आल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर भरायचं. आम्हाला इथं परदेशी पाहुणा आला की सी फॉर्म भरायची सवय आहे, तिथं तो सगळ्यांसाठी. गावाचा पर्यटनकर माणशी, रात्रीप्रमाणे गोळा करून नगरपालिकेला द्यायचा. २०२५च्या सुरुवातीपासून प्रत्येक अशा घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यावा लागतो, दाराबाहेर आणि जाहिरातीत दोन्हीकडे लावावा लागतो. सोबत गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रं आणि अग्निशामक सक्तीचे. हे नियम मला त्रासदायक वाटत नाहीत. बंद घरात शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांचं काय होतं हे आपण दर थंडीत पेपरात वाचतो. ती यंत्रं मी आंजर्ल्याच्या खोल्यांतही लावून घेतली, आपल्याकडे सक्ती नसताना.

आता घराचं कौतुकही पुरतं करते, कारण ते खरं आहे. सकाळी खिडकी उघडली की खाली गव्हाची उतरण, मागे व्होल्तेर्राची तटबंदी. शहरात रोमन काळचं नाट्यगृह आहे, अलाबास्टर दगड कोरणारे कारागीर अजून दुकानात बसून काम करतात, आणि खाली सालिने गावात मिठाचं काम चालतं, समुद्रापासून इतक्या आत, जमिनीखालच्या मिठाचं. हे तिथं उभे राहून आपली मिठागरं आठवत होते. ऑगस्टच्या दुपारी बाहेर तापतं आणि त्या दगडी भिंतींच्या आत पंखासुद्धा लागत नाही. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, ओटा माझ्या उंचीचा, भांडी घासायच्या जागेवर उजेड. नातू तलावात पोहायला शिकला. राहण्यासाठी या घराला मी पाचपैकी पाच देईन, कागदांच्या व्यवस्थेला पाच, आणि मिळकतीला दीड.

हिवाळ्यात मात्र जाऊ नका आणि हिवाळ्यातल्या भाड्यावर हिशेब मांडू नका. नोव्हेंबरनंतर धुकं, वारा, गावातली निम्मी उपाहारगृहं बंद. घर गरम करायचा खर्च मिळणाऱ्या भाड्यापेक्षा जास्त. आमचं पावसाळ्यात जे होतं तेच, फक्त महिने वेगळे.

इथं बसून, तिथं कुणी नसताना, घेऊ पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आधी. पहिली, घेता येईल का हीच. तिथल्या दिवाणी कायद्याच्या सुरुवातीच्या १६व्या कलमात परस्परतेची अट आहे: परदेशी माणसाच्या देशात इटालियन माणसाला जो हक्क मिळतो, तोच त्याला तिथं. आणि भारतात न राहणाऱ्या परदेशी नागरिकाला आपला परकीय चलनाचा फेमा कायदा इथं स्थावर मालमत्ता घेऊ देत नाही. लेक-जावयाकडे तिथल्या वास्तव्याचा परवाना होता, म्हणून त्यांना ही अट आडवी आली नाही. तुमच्याकडे तो नसेल तर एक पैसाही इसारा देण्याआधी नोतायोकडून लेखी उत्तर घ्या. दुसरी, पैसे बाहेर पाठवायचे नियम. एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. त्यावर बँक आधीच कापून घेते तो कर, म्हणजे टीसीएस, आम्ही लेकीला पैसे पाठवले तेव्हा ५ टक्के होता, १ ऑक्टोबर २०२३ पासून तो २० झाला. एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या रकमेला लागतो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. आणि घर तुमच्या नावावर असेल तर दरवर्षी परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवायचंच. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५च्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. तिथलं भाडंही इथल्या उत्पन्नात धरावं लागतं, तिथं भरलेल्या कराचं श्रेय घेऊन.

एवढं सगळं वाचूनही घ्यायचं ठरलं, तर घर शोधायच्या आधी सफाई करणारी बाई शोधा. मी हे अनुभवाच्या जोरावर सांगते. आमच्याकडची बाई खालच्या गावातली, साठीची, स्वतःच्या गाडीनं येते. चादरी ती घरी नेऊन धुते आणि उन्हात वाळवते. तिच्याच डोळ्यांना आधी दिसलं की बॉयलरखाली पाणी ठिबकतंय. पाहुण्यांच्या अभिप्रायात घराच्या दृश्याइतकंच तिच्या स्वच्छतेचं नाव येतं. ती आजारी पडली त्या आठवड्यात लेक रजा काढून स्वतः गेली, कारण दुसरं कुणी विश्वासाचं नव्हतं. येत्या हंगामापासून तिचे ७० चे ८५ केले आहेत. अठरा आठवडे धरले तर शिल्लक २७० युरोंनी आणखी खाली येईल. लेक जरा घुटमळली, पण मी तिला म्हटलं की बाकी कशातही घासाघीस कर, यात नको.